जिप्सीत बलेनोचं १.६ इंजिन: इंधनाचं ट्युनिंग कशानं करायचं? प्रकल्प नोंदी

९ ऑगस्ट २०२५

आजची स्थिती लिहून ठेवते. गाडी २००४ची जिप्सी एमपीएफआय. आत जुन्या बलेनो सेदानचं जी१६बी इंजिन, १५९० सीसी, १६ व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट थोड्या जास्त लिफ्टचा, ४-२-१ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कोल्हापुरातच शिवाजी उद्यमनगरात बनवून घेतलेला. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि वायरिंग मात्र जिप्सीचंच राहिलंय, म्हणजे १२९८ सीसीच्या जी१३बीबी इंजिनासाठी लिहिलेलं. दादा गाडी ऑटोक्रॉसला (आखलेल्या मातीच्या मार्गावरची वेळेची शर्यत) चालवतो, इलेक्ट्रिकचं आणि ट्युनिंगचं काम माझ्याकडे. गाडी रस्त्यावर उतरवत नाही, ट्रेलरवरून नेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असला बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवण्याचा विषयच येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

गाडी चालू होते, आयडलला शांत राहते, हळू चालवली तर तक्रार नाही. पूर्ण पाय दिला की पिकअप गुदमरतो. मूळ ऑक्सिजन सेन्सरच्या तारेवर मल्टिमीटर लावून पाहिलं. अर्ध्या पायावर काटा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झुलतो, म्हणजे ईसीयू इंधन कमीजास्त करून जुळवून घेतोय. पूर्ण पायावर ०.१ ला जाऊन बसतो. लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. किती लीन हे हा सेन्सर सांगू शकत नाही, तो फक्त बाजू सांगतो.

हिशेब साधा आहे. हा ईसीयू हवा मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली असेल याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजात इंजिन १२९८ सीसीचं आहे. १५९० भागिले १२९८, म्हणजे त्याच दाबाला साडेबावीस टक्के हवा जास्त. त्यात आता पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल, वीस टक्के इथेनॉल असलेलं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई२०ला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के इंधन जास्त. दोन्हींचा गुणाकार ३२ टक्क्यांच्या आसपास जातो. क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे सेन्सरचं ऐकून इंधन जुळवताना, ईसीयू यातलं बरंचसं झाकतो, म्हणून गाडी "चालते". पूर्ण पायावर तो सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि टेबलात लिहिलंय तेवढंच पेट्रोल देतो.

११ ऑगस्ट

संध्याकाळी मामांच्या लेथवर बसून पर्याय मांडले. (मामा म्हणजे आमचे टर्नर. सगळं उद्यमनगर त्यांना मामाच म्हणतं.)

मामांचं मत ठाम होतं. "पोरी, जोडीनं वेबर लाव. जेट बदलायचा, प्लग काढून रंग बघायचा. प्लग कधी खोटं बोलत नाही."

मी ते हसण्यावारी नेलं नाही. साइडड्राफ्ट वेबर डीसीओई कार्बोरेटर नीट बसवला तर पूर्ण पायावर फार सुंदर चालतो, आणि मामांनी मेन जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब यांची गणितं हातानं सोडवलेली आहेत. पण ऑटोक्रॉसमध्ये गाडी क्वचितच पूर्ण पायावर सलग राहते. सतत पाय आत-बाहेर, गाडी आडवी, खड्ड्यातून उडालेली, आणि फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल एका कडेला. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचं आणि बारीक जेटचं काय होतं ते मामांनीही पाहिलंय. कार्बोरेटर बाद.

ईसीयू रीमॅप, म्हणजे मूळ डब्यातली टेबलं बदलून लिहिणं. फोनवर विचारलेल्या ट्यूनरपैकी कोणाकडेच या जुन्या डब्याची फाइल नव्हती. बहुतेकांचं काम नव्या गाड्यांवर चालतं, लॅपटॉप जोडून फाइल वाचता आणि परत लिहिता येते अशांवर. हा रस्ता या गाडीपुरता बंद.

उरले चार: इंधनाचा दाब वाढवणं, मोठे इंजेक्टर, पिगीबॅक (मूळ ईसीयूच्या जोडीला बसणारा डबा), आणि पूर्ण स्वतंत्र ईसीयू. दादाचं म्हणणं, सरळ स्वतंत्र ईसीयू घेऊन मोकळं व्हावं. मला आधी मोजायचंय. मोजल्याशिवाय निवडलं तर नंतर काहीही बिघडलं तरी दोष नव्या डब्यावर जाईल.

१५ ऑगस्ट

वाइडबँड बसवला, म्हणजे किती लीन तेही सांगणारा ऑक्सिजन सेन्सर. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर, कंट्रोलर वेगळा. बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) कुठे वेल्ड करायचं यावर वेळ घालवला तो सार्थकी लागला. चारही पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे, हेडपासून पाऊण मीटरवर. सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून निदान दहा अंश वर झुकलेला. खालून लावला तर गार इंजिनात जमलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडतं आणि सेन्सर तडकतो.

वेल्डिंगनंतर सायलेन्सरचं तोंड फडक्यानं दाबून धरून मॅनिफोल्डच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाइपच्या फ्लॅंजवर बुडबुडे आले. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली असती आणि मीटरनं खोटं लीन दाखवलं असतं. गॅस्केट बदललं.

यापुढे सगळे आकडे लॅम्डात लिहिणार, एअर-फ्युएल गुणोत्तरात नाही. लॅम्डा १ म्हणजे त्या इंधनाला हवी तेवढीच हवा (वर गेला की लीन, खाली गेला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त), मग पेट्रोल शुद्ध असो वा ई२०. मीटरवर १४.७ दिसलं म्हणून ई२० वर "बरोबर" समजणारे आणि त्यावरून वाद घालणारे लोक मी पाहिलेत. मीटर मुळात लॅम्डाच मोजतो आणि पडद्यावर दाखवताना १४.७ नं गुणतो, एवढं लक्षात ठेवलं की वाद मिटतो.

२३ ऑगस्ट

पावसानं उघडीप दिली. माळावरच्या आमच्या सरावाच्या जागेत मुरुम घट्ट बसलाय. प्रत्येक चाचणीआधी बॅटरीची तार काढून ईसीयूनं शिकलेलं सगळं पुसलं, म्हणजे आधीची दुरुस्ती आकड्यांत मिसळणार नाही.

मूळ अवस्थेत, दुसऱ्या गिअरमध्ये, ३००० आरपीएमला पूर्ण पाय: लॅम्डा १.१३. दादाला आधीच सांगून ठेवलं होतं, आकडा दिसला की लगेच पाय काढायचा. पूर्ण पायावर जिथे ०.८७ च्या आसपास हवं तिथे १.१३, म्हणजे कागदावरचा ३२ टक्क्यांचा हिशेब बऱ्यापैकी बरोबर.

मग दाबाचा पर्याय. अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर लावून ३ बारचे ३.५ बार केले. इंजेक्टरमधून जाणारं इंधन दाबाच्या वर्गमुळानुसार वाढतं, त्यामुळे दाब सतरा टक्के वाढवला तरी इंधन आठच टक्के वाढणार. मीटरवर १.०५. गणिताबरहुकूम. ३२ टक्के इंधन दाबानंच मिळवायचं तर सव्वापाच बार लागतील. जुना पंप तिथे दम टाकेल, इंजेक्टर उघडायलाच कचरतील, आणि आयडलपासून वरपर्यंत सगळीकडे एकाच प्रमाणात इंधन वाढेल. हा उपाय पाच-सात टक्क्यांच्या कमतरतेसाठी ठीक. इथे नाही.

७ सप्टेंबर

गणपती झाले, उद्यमनगर पुन्हा सुरू. साधारण वीस टक्के मोठे इंजेक्टर मित्राकडून उसने आणले. लावण्याआधी चारही बाकावर मोजले: एकाच रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी), ३ बारला, प्रत्येकाखाली काचेचं मोजपात्र. तिसरा इतरांपेक्षा आठ टक्के कमी टाकत होता. अल्ट्रासॉनिकमध्ये साफ करून, जाळी बदलून पुन्हा मोजल्यावर फरक दीड टक्क्यावर आला. हे केलं नसतं तर एक सिलिंडर कायम लीन चालला असता आणि एकत्रित एक्झॉस्टमधल्या सेन्सरला त्याचा पत्ताही लागला नसता. चौघांची सरासरीच तिथे पोचते.

निकाल, पूर्ण पायावरचा लॅम्डा: २००० आरपीएमला ०.८९, ३००० ला ०.९४, ५५०० ला १.०२.

आजच्या दिवसाचं महत्त्वाचं शिक्षण या तीन आकड्यांत आहे. कल्पना वाईट नव्हती. इंजिन जेवढ्या पट मोठं तेवढ्या पट मोठे इंजेक्टर लावले की ईसीयूला काही कळू न देता हिशेब जुळतो, आणि मूळ कॅमशाफ्ट ठेवला असता तर कदाचित यावरच थांबता आलं असतं. पण आपला कॅम वरच्या आरपीएमला जास्त हवा भरतो, खाली कमी. आरपीएमनुसार लागणाऱ्या इंधनाच्या रेषेचा आकारच बदललाय, आणि इंजेक्टर बदलून रेष फक्त वरखाली सरकते, तिचा आकार तोच राहतो.

दुसरं, इग्निशन अजून १.३ लिटरच्या इंजिनाचंच आहे. जी१३ चा स्ट्रोक ७५.५ मिमी, जी१६ चा ९० मिमी. ६५०० ला पिस्टनचा सरासरी वेग १६.४ मीटर प्रति सेकंदावरून १९.५ वर जातो. बोअर जवळपास तोच, ७४ आणि ७५. ठिणगी केव्हा पडावी आणि आरपीएम कुठे तोडावा, दोन्ही गोष्टी या इंजिनासाठी नव्यानं ठरवायला हव्यात. नुसतं इंधन सुधारून काम अर्धंच होतं.

१४ सप्टेंबर

पिगीबॅक. मित्राकडचा जुना डबा, मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) तार मध्येच तोडून तिथे बसतो आणि ईसीयूला बदललेला व्होल्टेज देतो. इंजेक्टर पुन्हा जिप्सीचे घातले.

टायमिंग लाइट पुलीवर धरला आणि गाडी उभी ठेवून ३००० वर स्थिर केली. डब्यातून सिग्नल दहा टक्के वाढवला. लॅम्डा रिच झाला, आणि त्याच क्षणी पुलीवरची खूण सरकली: तीनेक अंश रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा. सिग्नल मूळ जागी आणला, खूण परत आली. पुन्हा वाढवला, पुन्हा सरकली. दादाला वाकून बघायला लावलं, कारण नुसतं सांगून हे पटत नाही.

कारण असं. ईसीयूकडे एकच दाब आहे, त्यावरून तो इंधनही ठरवतो आणि ठिणगीही. आपण त्याला "भार जास्त आहे" असं सांगितलं की तो इंधन वाढवतो आणि शहाण्यासारखा ठिणगी उशिरा पाडतो. आपल्याला इंधन हवं होतं, उशीर नको होता. ठिणगी उशिरा पडली की टॉर्क जातो आणि जळणं एक्झॉस्टमध्ये पोचतं, मॅनिफोल्ड लाल होतो. आणि उलट्या गाडीत, म्हणजे मोठे इंजेक्टर लावून सिग्नल कमी करणाऱ्यांच्या गाडीत, परिणाम जास्त वाईट: इंधन कमी करायला जावं आणि ठिणगी आपोआप लवकर पडावी. पूर्ण पायावर, गरम दिवशी, इंजिन ठोकायला लागतं (मिश्रण आपोआप भडकून) आणि पिस्टनच्या कडा जातात. बोर्डावरच्या मीटरवर तोपर्यंत लॅम्डा छान दिसत असतो.

सगळे पिगीबॅक असे नसतात हेही लिहायला हवं. नवे डबे इंजेक्टरच्या तारा आणि क्रॅंक सेन्सरची तार स्वतःच्या हातात घेतात, त्यामुळे इंधन आणि ठिणगी वेगवेगळी हलवता येते. मूळ इंजिन, एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट एवढाच बदल असलेल्या गाडीला मी तोच सांगेन. काम स्वच्छ, गाडी हवी तेव्हा मूळ अवस्थेत आणता येते. पण तिथेही क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू आपली दुरुस्ती हळूहळू खोडत राहतो, कारण त्याला लॅम्डा १ च हवा असतो. आणि ज्याचा पायाच २२ टक्क्यांनी चुकीचा, त्यावर कितीही थर दिले तरी प्रत्येक थर खालच्या चुकीवर उभा.

१६ सप्टेंबर

निर्णय झाला: स्वतंत्र ईसीयू. आर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा स्पीडुइनो, कारण त्याचं सर्किट आणि कोड दोन्ही उघडे आहेत आणि बोर्डावरचा एखादा ड्रायव्हर जळला तर मी तो घरी बदलू शकते. महागड्या कंपन्यांचे डबे जास्त भक्कम असतात, त्यांत नॉक कंट्रोल (ठोकणं आवरण्याची सोय) चांगला असतो; स्पर्धा वरच्या पातळीची असती तर तेच घेतले असते. आपल्याला चार सिलिंडर, इंधनाचं १६ बाय १६ चं टेबल, ठिणगीचं वेगळं टेबल आणि लॉग (चालताना आकड्यांची नोंद) एवढं हवंय. ते यात आहे.

दादा म्हणाला, "म्हणजे मी आधीच सांगत होतो तेच." बरोबर आहे त्याचं. पण आता कशासाठी घेतोय ते आकड्यांत लिहिलेलं आहे, आणि मूळ ईसीयू, त्याचे सॉकेट, सगळं न कापता बाजूला काढून ठेवलंय.

२ ऑक्टोबर

दसरा. हत्यारांची पूजा. मामांनी लेथला झेंडूचं तोरण बांधलं आणि नव्या ईसीयूला आरपीएम कळवणाऱ्या दातेरी चकतीचं काम उद्यापासून असं सांगितलं.

५ ऑक्टोबर

ट्रिगर चकती तयार: ३६ दातांची, एक दात काढलेला. लेझरनं कापून आणली आणि मामांनी पुलीवर बसवायचं खोबण काढलं. डायल गेज लावून फिरवली तर डगमग ०.०५ मिमीच्या आत. व्हीआर सेन्सर (दात मोजणारा चुंबकीय सेन्सर) आणि दातांमध्ये एक मिमी अंतर, फिलर गेजनं. ब्रॅकेट आठ मिमीच्या पट्टीचा आहे. सुरुवातीला पातळ पत्र्याचा विचार होता, पण ब्रॅकेट थरथरला की सेन्सर खोटे दात मोजतो.

सेन्सरची तार शील्डेड, शील्ड एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला ग्राउंड केलेली. सगळ्या सेन्सरचे ग्राउंड ईसीयूवर परत आणले, बॉडीवर नाहीत. इंजेक्टर आणि कॉइलचे ग्राउंड वेगळे, थेट हेडवर. वायरिंगचं हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्याहून जास्त "ट्युनिंगच्या" तक्रारी इथूनच निघतात.

मॅप सेन्सरची नळी एका पोर्टवरून न घेता प्लेनममधून (चारही पोर्टना हवा वाटणारी पेटी). चावी फिरवून इंजिन बंद ठेवून वाचलं: ९५ किलोपास्कल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे आकडा बरोबर. सेन्सरचं कॅलिब्रेशन तपासायचा हा फुकटचा मार्ग आहे, कोणीही वगळू नये.

१२ ऑक्टोबर

पहिलं स्टार्टिंग. त्याआधीचा हिशेब नोंदवते. नवे इंजेक्टर २४० सीसी प्रति मिनिट. एका सिलिंडरचं आकारमान ३९७.५ सीसी, त्यात साधारण ०.४७ ग्रॅम हवा. ई२०साठी १३.५ नं भागलं की ०.०३५ ग्रॅम इंधन. इंजेक्टर सेकंदाला तीन ग्रॅम टाकतो. म्हणजे पूर्ण भरलेल्या सिलिंडरला ११.६ मिलिसेकंद उघडा राहायला हवा. ६५०० ला दोन फेऱ्यांना १८.५ मिलिसेकंद मिळतात. पूर्ण पायावर रिच चालवूनही इंजेक्टर ऐंशी टक्क्यांच्या आत राहतो. पुरेसे आहेत, आणि इतके मोठेही नाहीत की आयडलला नियंत्रण सुटावं.

इंजेक्टरचे प्लग काढून नुसता सेल्फ मारला, तेलाचा दाब आणि आरपीएमचा सिग्नल पाहिला. मग ठिणगी दहा अंशावर कुलूपबंद करून टायमिंग लाइट. लॅपटॉप दहा म्हणत होता, पुली सोळा. ट्रिगरचा कोन सहा अंशांनी दुरुस्त केला, आता दोघेही दहा म्हणतात. ही तपासणी झाल्याशिवाय ठिणगीच्या टेबलातल्या एकाही आकड्याला अर्थ नसतो.

मग प्लग जोडले. इंजिन लगेच लागलं. मामा लेथ बंद करून बाहेर आले.

२५ ऑक्टोबर

दिवाळीनंतरचा पहिला शनिवार-रविवार माळावर. इंधनाचं टेबल भरणं चालू. ट्युनरस्टुडिओ या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममधलं ऑटोट्यून (लॅम्डा बघून टेबल आपोआप सुधारणारी सोय) वापरतेय, पण दावणीला बांधून: पाणी सत्तर अंशाच्या वर गेल्यावरच, पाय हलत असताना नाही, आणि एका वेळी बदलाला मर्यादा. सत्र संपलं की टेबल त्रिमितीत फिरवून बघते. हवा भरण्याचा पृष्ठभाग टेकडीसारखा सलग असतो. एखादा चौकोन शेजाऱ्यांपेक्षा अचानक वर गेला असेल तर तो इंजिनाचा स्वभाव नसून मिसिंगचा किंवा सिग्नलमधल्या विजेच्या खरखरीचा परिणाम आहे. मिसिंग झालं की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो, मीटर लीन दाखवतो, आणि ऑटोट्यून बिचारं आणखी पेट्रोल ओतत राहतं. असे चौकोन हातानं बसवले.

लक्ष्य: आयडल ०.९७, अर्ध्या पायावर १.००, पूर्ण पायावर ०.८७. क्लोज्ड लूपची दुरुस्ती पाच टक्क्यांवर अडवून ठेवलीय. टेबल चुकलं असेल तर मला ते दिसायला हवं.

१ नोव्हेंबर

आयडलला हेडलाइट आणि पंखा एकदम चालू केला की लॅम्डा ०.९७ वरून १.०६. इंधनाच्या टेबलाला हात लावला नाही. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो आणि व्होल्टेज पडला की तो वेळ वाढतो. आयडलला एकूण वेळच तीनेक मिलिसेकंद, त्यामुळे दशांशाचा फरकही ठळक दिसतो. व्होल्टेजच्या टेबलात ११.५ आणि १२.५ जवळचे आकडे वाढवले, भार चालू-बंद करून पाहिलं. आता काटा जागचा हलत नाही.

९ नोव्हेंबर

दादानं सांगितलं, लांब सरळ पट्ट्यात पाच हजारांच्या पुढे ओढ जाते. लॉग उघडला: ०.८६ वरून दोन सेकंदांत ०.९६. याच ठिकाणी टेबलात दहा टक्के वाढवून मोकळं व्हायचा मोह होतो. पण त्याच आरपीएमला पट्ट्याच्या सुरुवातीला आकडा ठीक होता आणि शेवटी बिघडला होता. हवा भरणं दोन सेकंदांत बदलत नाही.

रेलवर दाबाचा मीटर टेपनं काचेसमोर बांधला. पूर्ण पायावर ३ बारवर असलेला काटा पट्टा संपेपर्यंत २.४ वर. २.४ भागिले ३ चं वर्गमूळ ०.८९. म्हणजे अकरा टक्के इंधन कमी, आणि ०.८६ चे बरोबर ०.९६. फिल्टर कापला तर आत तपकिरी गाळ. वीस वर्षांच्या टाकीतला थर इथेनॉलनं सोडवून आणलाय. टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवा, आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या इंजेक्शनच्या दर्जाच्या घातल्या. टेबलात एकही आकडा न बदलता काटा ३ वर स्थिर, लॅम्डा ०.८६.

२२ नोव्हेंबर

डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारं यंत्र), पुण्याजवळ. इंधन आधीच जमलेलं असल्यामुळे सगळा वेळ ठिणगीला देता आला. ३५०० ला गाडी भाराखाली स्थिर धरून दोन-दोन अंश अ‍ॅडव्हान्स वाढवत, म्हणजे ठिणगी लवकर पाडत गेलो. टॉर्क वाढत गेला, मग वाढायचा थांबला. तिथून दोन अंश मागे आणून लिहिलं. ब्लॉकला बोल्टनं आवळलेल्या चपट्या तांब्याच्या नळीतून रबरी नळी माझ्या कानापर्यंत आणली होती. इंजिन ठोकायला लागण्याआधी कोरडी टकटक ऐकू येते, एकदा ऐकली की विसरत नाही. मधल्या पट्ट्यात ती ऐकूच आली नाही: टॉर्कची कमाल आधी आली. इथे ई२० आपल्या बाजूनं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. जास्त पेट्रोल प्यायलं खरं, पण ठिणगीला मोकळीक दिली.

सगळ्यात मोठा फायदा २५०० ते ४००० मध्ये झाला. जिप्सीच्या मूळ ईसीयूची ठिणगी तिथे या इंजिनाला पाच-सहा अंश मागे होती. कमाल ताकदीचा आकडा फारसा हलला नाही, मधला टॉर्क मात्र आलेखावर लांबूनही वेगळा दिसतो. नुसत्या इंधनाच्या कुठल्याही उपायानं हे मिळालं नसतं.

४५०० च्या वर मी थांबले. तिथे टकटक आणि कमाल टॉर्क फार जवळजवळ येतात आणि त्या दिवशी हवा गार होती. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पुन्हा तपासेपर्यंत वरचे आकडे तीन अंश कमीच ठेवलेत.

७ डिसेंबर

सकाळी चौदा अंश. सेल्फ लांबत होता. गार इंजिनात ई२० नीट उडत नाही, बरंचसं पोर्टच्या भिंतीवर बसतं. स्टार्टिंगचं इंधन वीस अंशाखाली थोडं-थोडं वाढवत नेलं, प्रत्येक बदलानंतर इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. काम सावकाशीचं आहे, सकाळी एकच संधी मिळते. आता बटण दाबलं की लागते.

पाय अचानक दिल्यावरची दुरुस्तीही आज. भिंतीवरचा थर भरेपर्यंत एक क्षण लीन जातो, तेवढ्यापुरतं जादा इंधन. मामांनी ऐकून लगेच ओळखलं: "हा तुझा अ‍ॅक्सिलरेटर पंप." अगदी तेच काम आहे. कार्बोरेटरमध्ये स्प्रिंग आणि पडदा करतात ते इथे चार आकडे करतात, आणि किती द्यायचं हे त्यांनी कानानं सांगितलं ते लॉगशी जुळलं.

१४ डिसेंबर

माळावर पूर्ण सराव. दादाची मागणी पहिल्यापासून एकच होती, वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये ओढ हवी, पहिला टाकावा लागू नये. आज एकाही वळणाला पहिला टाकला नाही. लॉगमध्ये पूर्ण पायावर लॅम्डा ०.८५ ते ०.८८, दाब ३ बार, पाणी ९१ अंश.

टेबलाची आजची प्रत लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर, फाइलच्या नावात तारीख आणि इंधन दोन्ही. वाइडबँड गाडीतच राहणार, आरपीएमच्या मीटरशेजारी. ०.९५ च्या वर पूर्ण पायावर गेलं तर लाल दिवा लागतो, आणि दिवा लागला की पाय काढायचा हे दादाशी ठरलंय.

बाकी कामं: ४५०० च्या वरची ठिणगी उन्हाळ्यात. रेलवरचा दाब कायमस्वरूपी लॉगमध्ये घ्यायचा, त्यासाठी सेन्सर मागवलाय. उसना पिगीबॅक आणि इंजेक्टर मित्राला परत द्यायचे, साफ केलेले आणि मोजमापाची चिठ्ठी लावून.